शांत रस्ता आपलाही

सायकल येते का, असं आपल्या ओळखीतल्या चाळिशीपुढच्या बायकांना एकदा विचारून बघा. बहुतेकजणी म्हणतील, "येते की!" मग पुढचा प्रश्न विचारा, शेवटची कधी चालवली होती? इथे मात्र नुसतं हसू येतं. कुणी म्हणते दहावीत असताना, कुणी म्हणते लग्नाच्या आधी, तर कुणी म्हणते, मुलाला शिकवताना त्याच्या सायकलमागे धावले तेवढंच. पोहणं आणि सायकल एकदा आली की कधी विसरत नाही म्हणतात. मग न विसरलेली ही गोष्ट आपण सोडली का?

पहिलं उत्तर ठरलेलं असतं. वेळ कुठे आहे! दुसरं उत्तर जरा थांबून येतं आणि ते जास्त खरं असतं. रस्त्यावर भीती वाटते गं.

मैत्रिणींनो, आज बोलायचंय ते या दुसऱ्या उत्तराबद्दल. सायकलनं वजन किती कमी होतं, गुडघ्यांना फायदा काय, हे सांगणारे लेख पुष्कळ येतात. माझा मुद्दा वेगळा आहे. कुठल्याही कामाशिवाय, कुणाचा डबा पोचवायचा नसताना, भाजी आणायची नसताना, सायकल काढून दोन-चार तास हिंडून यावं असा रस्ता आपल्या गावाजवळ आहे का? आणि असेल, तर तो तसाच राहावा म्हणून कुणी काही करतंय का?

पनवेल हे रस्त्यांचंच गाव. मुंबईहून पुण्याला जा, नाहीतर गोव्याला जा, पनवेल काही चुकत नाही. दीडशे वर्षांहून जुनी नगरपालिका असलेलं हे गाव २०१६ साली महानगरपालिका झालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून रस्ते त्याला वेढत होते. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर आले. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरात विमानं उडायलाही लागली. पस्तीस वर्षांत एवढं सगळं एका तालुक्याच्या अंगाखांद्यावर आलं.

द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर सायकलला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. शंभराच्या वेगानं धावणाऱ्या गाड्यांत सायकल घालणं म्हणजे जिवाशी खेळ. माझी तक्रार त्या पाटीबद्दल नाही. प्रश्न एवढाच की पाटीनं जिला बाहेर थांबवलं, तिनं जायचं कुठून? द्रुतगती मार्ग झाल्यावर जुना मुंबई-पुणे रस्ता निवांत होईल, असं कितीतरी जणांना वाटलं होतं. प्रत्यक्षात दोन्ही भरले. कळंबोली ते पळस्पे या पट्ट्यात आज सायकल चालवायची म्हणजे एका बाजूला कंटेनर, दुसऱ्या बाजूला उलट्या दिशेनं येणारी मोटारसायकल आणि मध्ये आपण. गोव्याच्या रस्त्यावरचं कर्नाळा अभयारण्य म्हणजे पनवेलकरांचं हक्काचं हिरवं ठिकाण. पण आत पक्ष्यांचा आवाज ऐकायचा असेल तर आधी बाहेरच्या चौपदरी रस्त्यावरची घरघर ऐकायला लागते. मुलींना सायकल घेऊन देणाऱ्या आया 'सोसायटीच्या आवारातच चालव हं' असं बजावतात. त्यांचं काय चुकलं?

आता जरा फ्रान्सला जाऊ या. घाबरू नका, तिकीट काढायचं नाहीये. माझी एक शाळेतली मैत्रीण नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं तिकडे तुलूज शहरात असते. विमानं बनवणाऱ्या कारखान्यांचं ते शहर. फोनवर ती मला कधी आयफेल टॉवरचं कौतुक सांगत नाही. ती सांगते ते तिच्या कालव्याचं. शनिवारी सकाळी दोन्ही मुलांना घेऊन, सायकलच्या टोपलीत पाव, चीज आणि पाण्याच्या बाटल्या टाकून ती कालव्याकाठच्या वाटेनं निघते. दोन्ही बाजूंना जुनी उंच झाडं, पाण्यावरून संथ जाणारी एखादी बोट, आणि तीन तासांत एकदाही हॉर्न नाही. एकदा ती मला म्हणाली, "अगं, मागे वळून बघायची सवयच गेली माझी!" सायकलवर असताना मागून काय येतंय हे सतत मान वळवून बघावं लागणं म्हणजे काय असतं, ते आपल्याकडच्या बाईला वेगळं सांगायला नको.

तो कालवा म्हणजे कनाल द्यु मिदी. सतराव्या शतकात चौदाव्या लुई राजाच्या काळात खोदलेला, दोनशे चाळीस किलोमीटर लांब, १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असलेला. त्याच्या काठावर वाट आली कुठून, ही गंमत मला फार आवडते. तेव्हा बोटींना इंजिनं नव्हती. काठावरून घोडे चालायचे आणि दोरखंडानं बोट ओढायचे. पुढे इंजिनं आली, घोडे गेले, पण त्यांची वाट राहिली. आज सायकलवाल्यांच्या वाट्याला आलेल्या वाटेचा पुष्कळसा भाग म्हणजे ही घोड्यांचीच वाट. कुठे डांबरी, कुठे नुसतीच मातीची.

दुसरी युक्ती रेल्वेची. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी छोट्या रेल्वेलाइनी विसाव्या शतकात तोट्यात जाऊन बंद पडल्या. बरगंडी प्रांतात झिव्री ते क्ल्युनी या अशाच एका बंद लाइनीवरचे रूळ काढून चव्वेचाळीस किलोमीटरची वाट केली आणि १९९७ मध्ये ती चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना खुली झाली. तिकडे या वाटांना 'हिरवी वाट' अशाच अर्थाचं नाव आहे. मोटारींना तिथे प्रवेश नाही. रेल्वेला मोठा चढ चढता येत नाही, त्यामुळे या वाटेवरही चढ अगदी हलका. आजी-आजोबांपासून सहा वर्षांच्या नातवापर्यंत सगळ्यांना जमेल असा.

तिसरी युक्ती सगळ्यात साधी. त्यांच्याकडे गावागावांना जोडणाऱ्या लहान रस्त्यांचं जाळं फार दाट आहे. लांबची वाहतूक मोठ्या महामार्गावरून जाते आणि हे लहान रस्ते त्या त्या गावच्या ट्रॅक्टरला, पोस्टमनला आणि सायकलवाल्यांना उरतात. लुआर नदीच्या काठानं सुमारे नऊशे किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, त्यात असे साधे गावरस्ते मधूनमधून वापरले आहेत. सगळीकडे नवं काही बांधलेलं नाही. दिशा दाखवणाऱ्या पाट्या लावल्या आणि नकाशे छापले.

या तिन्ही युक्त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. रहदारी तिथेच वाढते, जिथून पुढे कुठेतरी जाता येतं. ज्या रस्त्यानं पुढे जाण्यात गाडीवाल्याचा फायदा नाही, तो रस्ता आपोआप निवांत राहतो. ही एक किल्ली हातात घेतली आणि आपल्या तालुक्याकडे पाहिलं, की पनवेलजवळही असे रस्ते दिसायला लागतात.

पनवेलहून सुकापूर, नेरे, वाजे करत जाणारा धोदाणीचा रस्ता घ्या. साधारण वीस किलोमीटर. नेऱ्यापर्यंत वस्ती आणि वर्दळ आहे, नवे टॉवर उठतायत. नेऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे, ते मागे टाकलं की रस्ता हळूहळू मोकळा होतो. याच खोऱ्यात गाढी नदी आहे आणि पनवेलला पाणी देणारं देहरंग धरण आहे. एका अंगाला प्रबळगडाचं पठार, समोर माथेरानची भिंत. आणि धोदाणीला रस्ता संपतो. पुढे माथेरानवर चढायला फक्त पायवाट. वर माथेरानलाही बाहेरच्या मोटारी दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. म्हणजे गाडीनं पुढे कुठे जाण्यासाठी हा रस्ता कुणी धरतच नाही. गावची माणसं, एसटी, दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल, शनिवार-रविवारी फार्म हाऊसवाल्यांच्या आणि धबधब्यावर जाणाऱ्यांच्या गाड्या, एवढीच वर्दळ. पावसाळ्यातले शनिवार-रविवार सोडले तर सकाळी सातच्या आत निघालेल्या बाईला हा रस्ता जवळजवळ एकटीचा मिळतो.

आम्ही सहा-सातजणी थंडीच्या दिवसांत रविवारी तिकडे जातो. आमच्यात एक बँकेतून निवृत्त झालेली आहे, एक शिवणकाम करते, एक शाळेत शिकवते, एकीचा पोळीभाजीचा डबा आहे. साध्या सायकली, गिअरच्या दोनच. वेगाचं कुणाला पडलेलं नाही. पण एक गोष्ट आम्हा सगळ्यांच्या लक्षात आली. नेऱ्यापर्यंत आम्ही एका रांगेत, गप्प, मान आवळून चालवतो. नेरे मागे पडलं की आपोआप दोघी-दोघी शेजारी येतो आणि बोलायला लागतो. दोन बायकांना शेजारी-शेजारी सायकल चालवत बोलता आलं, की तो रस्ता शांत. मोजमाप म्हणून एवढं पुरे.

जरा दूर जायची तयारी असेल तर पनवेलहून उरणमार्गे करंजाला जायचं, तिथून लाँचमध्ये सायकल चढवायची आणि रेवसला उतरायचं. पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. मग आगरदांड्याहून दिघीला जेट्टीनं, दिवेआगर-शेखाडी करत श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून पुन्हा बोटीनं पलीकडे वेश्वी, आणि केळशी-आंजर्ल्याकडून दापोलीच्या बाजूला. पुढे दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. मुंबई-पुण्याचे कितीतरी सायकलवाले गोव्याला महामार्गानं न जाता असे बोटी बदलत बदलत जातात. का? कारण तो रस्ता पुष्कळ ठिकाणी निवांत आहे. आणि निवांत का आहे? कारण दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. घाईतला ट्रक बोटीची वाट बघत बसत नाही. तिकडे फ्रान्सात जे काम बंद पडलेल्या रेल्वेनं केलं, ते आपल्याकडे खाडीनं केलंय.

आता या खाड्यांवर पूल बांधायचं ठरलं आहे. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग सलग करायचा आहे. धोदाणीच्या बाजूचंही तसंच. माथेरानच्या डोंगररांगेखालून बोगदा काढून वडोदऱ्याकडचा महामार्ग पनवेल तालुक्यात मोरब्याला येतो आहे. जानेवारी २०१३ मध्ये विमानतळाभोवतीचा मोठा प्रदेश 'नैना' म्हणून जाहीर झाला आणि त्याच्या नियोजनाचं काम सिडकोकडे गेलं. नेऱ्याच्या आसपासची गावं त्यात आली. कुठला रस्ता किती मीटर रुंद, हे कागदावर आखलं जातंय. म्हणूनच हा विषय निवांतपणे पुढे ढकलण्यासारखा नाही. एकदा रस्ता चौपदरी झाला की तो पुन्हा लहान होत नाही.

इथे कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला रविवारी सायकल फिरवायची म्हणून गावांनी रस्ते मागायचे नाहीत का? वाडीवरची बाळंतीण अडली तर रुग्णवाहिका यायला नको? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. पाड्यावर पक्का रस्ता हवाच. पावसात न वाहून जाणारा, खड्डे नसलेला, एसटी आणि रुग्णवाहिका आरामात जाईल असा हवा. पण रुग्णवाहिकेला चार पदर लागत नाहीत, एक चांगला पदर लागतो. चार पदर लागतात ते डंपरना आणि दुसरीकडून तिसरीकडे जाणाऱ्यांना. गावासाठीचा रस्ता आणि गावातून जाणारा रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा झाला की पहिला बुडतो, आणि त्याचा पहिला फटका गावातल्याच बायकांना बसतो. डोक्यावर पाटी घेऊन कडेनं चालणाऱ्या, शाळेला पायी किंवा सायकलनं जाणाऱ्या, पावसाच्या तोंडाला शेवळं आणि कुरडू घेऊन पनवेलच्या बाजारात यायला निघालेल्या ठाकूर-कातकरी बायका. त्या रस्त्याच्या कडेला चालतात आणि रुंदीकरणात सगळ्यात आधी जाते ती कडाच. तेव्हा शांत रस्ता हा शहरातल्या हौशी बायकांचा लाड समजू नका. आम्ही महिन्यातून दोनदा जातो. त्या रोज जातात.

सायकल आणि बाई हा विषय आपल्या देशात नवा नाही. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत साक्षरता मोहिमेबरोबरच बायकांना सायकल शिकवली गेली आणि हजारो शेतमजूर बाया रस्त्यावर आल्या. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला लागले, आणि शाळा दूर असलेल्या गावांतल्या मुली हायस्कुलात जास्त संख्येनं दिसायला लागल्या. आपल्या राज्यातही मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. या सगळ्या योजना चांगल्याच. पण त्यांतली सायकल कायम कुठेतरी 'पोचण्यासाठी' आहे. शाळेत, कामावर, पाण्यावर. बाईला नुसतं हिंडायचं असेल, हे अजून कुठल्या योजनेच्या डोक्यात आलेलं नाही. देवाच्या नावानं हिंडणं आपल्याला मान्य आहे. वारीला जाणारी सासू, अष्टविनायक करणारी वहिनी, यांना कुणी विचारत नाही कशाला जाता म्हणून. मार्च २०२३ मध्ये एसटीनं बायकांना निम्मं तिकीट केलं आणि किती बायकांनी माहेर, जेजुरी, अक्कलकोट असं सगळं एकदमच काढलं! म्हणजे जायचं मनात पुष्कळ दिवस होतंच.

२०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं वयाच्या विसाव्या वर्षी सायकलवरून एकटीनं पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकशे एकोणसाठ दिवस, सुमारे एकोणतीस हजार किलोमीटर. वाटेत स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं, तरी ती पुढे गेली. तिच्या धाडसाला सलाम. पण मला सारखं वाटतं, बाईनं सायकलवर लांब जायला एवढं धाडस का लागावं? धोदाणीला जाऊन यायला शौर्य लागू नये. नेहमीची साडी-सलवार, नेहमीची सायकल आणि नेहमीची हिंमत पुरायला हवी.

आणि इथेच बायकांची खरी अडचण येते. शांत रस्ता म्हटलं की पुरुषांना निसर्ग आठवतो, आपल्याला सुनसान आठवतं. लहानपणापासून शिकवण काय? गर्दीच्या रस्त्यानं ये, सामसूम रस्त्यानं येऊ नको. म्हणजे बाईनं वाहनांची भीती आणि माणसाची भीती यांतली एक निवडायची. गर्दी निवडली तर ट्रक, शांतता निवडली तर ती धास्ती. हे कोडं सोडवल्याशिवाय कितीही हिरव्या वाटा आखल्या तरी त्यांवर आपण दिसणार नाही.

तिकडे हे कसं सुटलं, म्हणून मी मैत्रिणीला खोदून विचारलं. तिचं उत्तर साधं होतं. वाटेवर गाड्या नाहीत, पण माणसं आहेत. कुत्रा फिरवणारी म्हातारी, गळ टाकून बसलेला आजोबा, कालव्याची दारं उघडणारा माणूस, दर काही किलोमीटरवर गाव. गावात ग्रामपंचायतीसारखी त्यांची जी संस्था असते, तिनं चालवलेली तंबू ठोकायची स्वस्त जागा, तिथे स्वच्छ संडास आणि गरम पाणी. पिण्याच्या पाण्याची तर मजाच. तिकडचे सायकलवाले गावात शिरले की कबरस्तान शोधतात म्हणे! फुलांना घालायला तिथे नळ असतोच, 'पिण्याचे नाही' अशी पाटी नसेल तर बाटल्या भरून घ्यायच्या. थोडक्यात काय, रस्ता शांत होतो वाहनं गेल्यानं, आणि सुरक्षित होतो माणसं राहिल्यानं. सुनसान आणि शांत यांतला फरक म्हणजे वाटेवर असलेली एक चहाची टपरी, एक नळ आणि कडी लागणारा एक संडास.

हसू नका, संडास हा मोठाच मुद्दा आहे. आमच्या ग्रुपमधल्या दोघी वीस किलोमीटर सहज चालवतील, पण वाटेत सोय नाही म्हणून पाणी न पिता निघतात आणि दहाव्या किलोमीटरला डोकं धरून बसतात. शाळेत स्वच्छतागृह असतं, पण रविवारी कुलूप. फ्रान्समध्ये पॉल द विव्ही नावाचा एक माणूस होऊन गेला, १८५३ ते १९३०. 'व्हेलोसिओ' या टोपणनावानं तो सायकलवर लिहायचा. सायकलवरून हिंडण्याची हौस तिथे रुजवण्यात त्याचा वाटा मोठा. त्याचा सल्ला असा की भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, दमायच्या आधी थांबा आणि नुसत्या फुशारकीसाठी पेडल मारू नका. सल्ला लाखमोलाचा, पण तहानेआधी पाणी प्यायची मुभा बाईला रस्त्यानं द्यायला हवी ना!

आता त्या पहिल्या उत्तराकडे येऊ. वेळ कुठे आहे? फ्रान्समध्ये १९३६ साली कायद्यानं कामगारांना वर्षाला पंधरा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यात कारखान्यांतली जोडपी सायकली घेऊन, कुणी दोघांची मिळून एकच लांब सायकल घेऊन, समुद्र बघायला निघाली. म्हणजे हिंडण्याची हौस आधी होतीच, तिला रजा मिळाल्यावर पाय फुटले. आपल्या घरातल्या कामाला अशी रजा कोणत्या कायद्यानं द्यायची? ती मागायला लागते. रविवारी सकाळी सहा ते दहा. चहा त्यांचा त्यांनी करावा, इडलीचं पीठ फ्रिजमध्ये आहे, गॅस कसा लावतात ते सगळ्यांना माहीत आहे. चार तासांत घर कोसळत नाही, हा आमचा गेल्या तीन हिवाळ्यांचा अनुभव.

मग करायचं काय? मोठ्या मागण्या कागदावरच राहतात, म्हणून लहान सांगते. नैनाच्या आराखड्यांवर हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्या सूचना लिहिणाऱ्यांत बायकांच्या सह्या किती असतात? नेऱ्यापासून पुढचा रस्ता गावरस्ता म्हणूनच चांगला ठेवा, रुंदीकरण करायचंच तर आधी कडेला चालणाऱ्या आणि सायकलवाल्या बायकांसाठी वेगळी पट्टी आखा, मग उरलेल्या जागेत गाड्या, असं दोन ओळींत लिहून द्यायला काही इंजिनीअर व्हावं लागत नाही. नदीकाठाचा, धरणाच्या कालव्याचा, खारबंदिस्तीच्या बांधाचा विचार वाट म्हणूनही व्हावा. डंपरना शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी आणि रविवारी सकाळी या रस्त्यावर बंदी असावी.

ग्रामपंचायतींना एवढंच सांगणं की शाळेच्या स्वच्छतागृहाची किल्ली सुट्टीच्या दिवशी गावातल्या बचत गटाकडे द्या. गटानं तिथेच तांदळाची भाकरी, घावणे, चहा ठेवावा. येणाऱ्या बायकांनी पैसे द्यावेत आणि जागा स्वच्छ ठेवावी. यात गटाला कमाई आहे, आपल्याला सोय आहे, आणि वाटेवर चार बायका बसलेल्या आहेत, ही सगळ्यात मोठी राखण आहे. धबधब्यावर बाटल्या फोडायला येणाऱ्यांपेक्षा सायकलवरून येऊन भाकरी खाणारं पाहुणं गावालाही परवडेल.

आणि आपण? सायकल नवी घ्यायला हवी असं नाही. मुलाची, भाचीची, माळ्यावर पडलेली खाली काढा. टायर-ट्यूब, ब्रेक आणि चेन कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून बघून घ्या. खुर्ची थोडी खाली करून घ्या, थांबताना पाय जमिनीला टेकले की निम्मी भीती जाते. साखळीवर कव्हर असेल तर ओढणी-साडीची काळजी नाही. पहिल्या दिवशी नेऱ्यापर्यंतच जा आणि परत या. एकटीनं जायचं नसेल तर दोघीजणी पुरतात, तिसरी महिन्याभरात आपणहून विचारते. ऑक्टोबर सरला की हवा चांगली होते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत टिकते. शेवटी शेवटी तर वाटेवर पळस आणि पांगारा फुललेला असतो.

रस्ता वापरात असला की त्याच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी असतं. ज्या रस्त्यावर आपण कधी गेलोच नाही, तो रुंद झाला काय नि बंद झाला काय, आपल्याला कळणारही नाही. तेव्हा येत्या रविवारी इडलीचं पीठ आदल्या रात्रीच वाटून ठेवा, आणि सहाला निघा.